लोणावळ्याचं पाणी आणि पंचवीस गेटं

जूनचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या हापिसात दोन गोष्टी हमखास होतात. पहिली म्हणजे शुक्रवारी जेवताना कुणीतरी "या विकांताला लोणावळा?" असं विचारतो. दुसरी म्हणजे सोमवारी चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाइल पुढे करून बातमी दाखवतो, की मावळात अमुक ठिकाणी इतके जण वाहून गेले. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. मग बंदीचा आदेश निघतो, पोलिस दोऱ्या बांधतात, आणि पुढच्या जूनपर्यंत सगळे विसरून जातात.

म्हणजे वाहत्या पाण्याशी आपलं नातं दोनच प्रकारचं. एकतर त्यात बसून भजी खायची, नाहीतर त्यावर बंदी घालायची. तिसरं नातं असू शकतं, आणि मावळातल्या पोरांना त्याचा आपल्यापेक्षा जास्त हक्क आहे, असं माझं मत आहे. त्या तिसऱ्या नात्याचं नाव कनू स्लॅलम. (नाव ऐकून घाबरू नका, मीही टीव्हीवर ऑलिंपिक बघतानाच शिकलो.)

खेळ सांगायला सोपा आहे. खळाळत्या पाण्याचा दोन-अडीचशे मीटरचा पट्टा. त्यावर आडव्या तारांना टांगलेल्या दांड्यांच्या जोड्या, त्यांना गेट म्हणायचं. कमीत कमी अठरा, जास्तीत जास्त पंचवीस. हिरव्या गेटमधून प्रवाहाबरोबर जायचं, लाल गेटमधून मात्र वळून प्रवाहाविरुद्ध वर यायचं. दांडीला होडी, वल्हं किंवा अंग नुसतं चाटून गेलं तरी दोन सेकंद दंड. गेट चुकलं तर पन्नास सेकंद, म्हणजे खेळ खलास. सगळा प्रकार दीड-पावणेदोन मिनिटांत संपतो. बसून दोन पात्यांचं वल्हं मारायचं ते कयाक, गुडघ्यांवर बसून एका पात्याचं मारायचं ती कनू. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, मग वीस वर्षं गायब झाला आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. भारताचा एकही स्लॅलमपटू आजवर तिथे पोचलेला नाही.

दोन सेकंद म्हणजे काय हे बघायचं असेल तर टोकियोचा निकाल बघा. २०२१ च्या जुलैमध्ये महिलांच्या कयाकच्या अंतिम फेरीत जर्मनीची रिकार्डा फुंक १०५.५० सेकंदांत आली आणि सुवर्ण घेऊन गेली. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स १०६.७३ सेकंदांसह तिसरी. पण फॉक्सच्या वेळेत दोन स्पर्शांचे चार सेकंद धरलेले होते. नुसता वेग धरला तर ती सगळ्यात पुढे होती, तेही जवळजवळ तीन सेकंदांनी. दोनच दिवसांनी तिने कनूमध्ये सुवर्ण मिळवलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कयाक आणि कनू दोन्हीत. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

आता यात साहस किती आणि शिस्त किती? लोकांना वाटतं हा डेअरिंगबाज पोरांचा खेळ. मला तर तो गणिताच्या पेपरसारखा वाटतो, ज्यात स्टेप चुकली की मार्क कापतात. मोठ्या स्पर्धेत गेटं कशी मांडणार हे आधी कळत नाही. मांडणी झाली की त्या पट्ट्यावर सराव करायची परवानगी नसते. काठावरून चालत बघायचं, दुसऱ्या कुणीतरी करून दाखवलेली फेरी बघायची, आणि डोळे मिटून हवेत हात फिरवत सगळी गेटं पाठ करायची. मग एकदाच पाण्यात.

या दीड मिनिटासाठी दहा-बारा वर्षांच्या पोरापोरींचं आयुष्य कसं असतं? शाळेच्या आधी तासभर पाण्यात, संध्याकाळी पुन्हा. सुरुवात खळाळात होतच नाही, संथ पाण्यात होते. आधी पोहणं. मग उलटणं. हो, मुद्दाम उलटायचं आणि होडीतून बाहेर न पडता कमरेच्या झटक्याने सरळ व्हायचं. याला रोल म्हणतात. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, वल्हं हातात उलटं धरून, थंडीत, नाकात पाणी गेलेलं असताना, शेकडो वेळा. मग पाणी वाचायला शिकायचं. मोठ्या दगडामागे प्रवाह उलटा फिरतो, त्या जागेला कयाकवाले एडी म्हणतात. लाल गेट बहुतेक वेळा तिथेच टांगलेलं असतं. धावत्या प्रवाहातून एडीत शिरायचं, वल्ह्याचं पातं रोवून होडी फिरवायची, वर चढायचं आणि परत प्रवाहात यायचं. कोन थोडा चुकला की अर्धा सेकंद गेला.

सराव म्हणजे पूर्ण फेऱ्या मारत सुटणं नव्हे. चार-पाच गेटांचा तुकडा घ्यायचा आणि तोच पुन्हा पुन्हा करायचा. काठावर प्रशिक्षक स्टॉपवॉच घेऊन उभा, हातात कॅमेरा. मग व्हिडिओ बघायचा, मग पुन्हा तेच. दिवसभर एकच फंक्शन डीबग करत बसलेल्या माणसाला हे बरोबर कळेल :-)

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. बग सापडायचा असेल तर तो रिप्रोड्यूस व्हावा लागतो. तीच स्थिती पुन्हा उभी करता आली नाही तर चूक कोडमध्ये होती की सर्व्हरमध्ये, हे कळणारच नाही. स्लॅलमचं अगदी तसंच आहे. कालचं पाणी आज नसेल तर काल गेट का चुकलं, पोराचा हात चुकला की नदी बदलली, हे कसं सांगणार? म्हणून स्लॅलमपटू घडवायला जगातलं सगळ्यात रौद्र पाणी लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी येणारं, ठरलेल्या मापाचं पाणी लागतं, आणि ते सायकलच्या अंतरावर असावं लागतं.

फॉक्सचंच बघा. वडील रिचर्ड फॉक्स ब्रिटनचे विश्वविजेते, आई मिरियम फ्रान्सची ऑलिंपिक पदकविजेती. घरातच खेळ होता हे खरंच. पण ती वाढली सिडनीजवळच्या पेनरिथमध्ये, जिथे २००० च्या ऑलिंपिकसाठी जुन्या वाळू-खडीच्या खाणींच्या परिसरात कृत्रिम प्रवाह बांधला होता. पंप सुरू केले की पाणी वर चढतं आणि सुमारे साडेपाच मीटर उतरत तीनशे-सव्वातीनशे मीटर खळाळत जातं. सेकंदाला साधारण १४ घनमीटर. बटण दाबलं की तेच पाणी.

आता जरा आपल्याकडचं गणित करू. (इंजिनियर आहे, राहवत नाही.) लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रात जातं. हे केंद्र १९१५ पासून चालू आहे, क्षमता ७२ मेगावॅट, पाण्याची उडी पाचशे मीटरच्या वर. घनता, गुरुत्व, उंची, कार्यक्षमता नव्वद टक्के धरून भागाकार केला, तर केंद्र पूर्ण जोराने चालताना सेकंदाला साधारण १६ घनमीटर पाणी टर्बाइनमधून बाहेर पडतं. म्हणजे पेनरिथ पंप लावून जेवढं पाणी फिरवतं, त्याहून थोडं जास्तच. तेही पंपाचा खर्च न करता, कारण ते वीज करून मोकळं झालेलं असतं! पुढे ते पाताळगंगेला मिळतं. आंदर मावळातल्या ठोकरवाडीचं पाणी असंच १९२२ पासून भिवपुरीला उतरतं, आणि मुळशीचं १९२७ पासून भिऱ्याला.

थोडक्यात, मावळचा पाऊस शंभर वर्षांहून जास्त काळ माणसाच्या हातातल्या झडपेतून वाहतोय. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. भर पावसातले मावळचे ओढे सरावाला निरुपयोगी आहेत, तासाभरात कमरेचं पाणी डोक्यावर जातं. वीजकेंद्राखालचं पाणी मात्र डिसेंबरात येतं आणि एप्रिलातही येतं.

याचा फायदा एका नदीने घेतलेला आहे, तुमच्यापैकी अर्ध्यांनी टीम आउटिंगला तो अनुभवलाही असेल. कोलाडची कुंडलिका. भर उन्हाळ्यात तिथे राफ्टिंग चालतं ते भिऱ्याहून सकाळी पाणी सुटतं म्हणून. त्यांचंही रिलीज, आपलंही रिलीज, फक्त त्यांचं वेळेवर होतं. आपण लाइफ जॅकेट घालतो, दोन तास आरडाओरडा करतो, मिसळ खाऊन परततो. राफ्ट सांभाळणारी पोरं बऱ्याचदा आसपासच्या गावांतली असतात. पाणी कसं वाचायचं हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय येतं. त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी तिथे पाच गेटं टांगली, एक प्रशिक्षक नेमला आणि दहा जुन्या होड्या ठेवल्या, तर काय होईल?

काय होईल ते बघायला फार लांब जायला नको. अहिल्याबाईंच्या महेश्वरला जा. तिथे नर्मदेत सहस्रधारा नावाची जागा आहे. आपल्यासारखाच काळा कातळ आणि त्यातून फुटलेल्या असंख्य धारा. भारतातलं स्लॅलम आज मुख्यतः तिथे उभं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांत स्लॅलमचा समावेश झाला, तेव्हा शर्यती तिथेच झाल्या. मध्य प्रदेशच्या स्लॅलमपटूंच्या यादीत केवट हे आडनाव पुन्हा पुन्हा दिसतं. केवट म्हणजे नावाडी. पिढ्यान् पिढ्या लोकांना पैलतीरी पोचवणाऱ्या समाजातली पोरं आता देशाची जर्सी घालून वल्हं मारतात. ज्यांचं पाणी, त्यांचा खेळ. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हेच.

आणि आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं थोडंच आहे? दत्तू भोकनळ आठवतोय ना? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खोदणारा मुलगा. दुष्काळी भागातला. लष्करात गेला, पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये वल्हं हातात धरलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला. २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या नौकेत सुवर्ण. रोइंग वेगळं, स्लॅलम वेगळं, पण धडा एकच. गुणवत्ता कुठूनही येते. तिला रोजचं पाणी, होडी आणि शिकवणारा माणूस मिळाला की पुढचं ती बघून घेते. दत्तूला हे सगळं मिळायला आधी फौजेत जावं लागलं. मावळातल्या बारा वर्षांच्या मुलीने कुठे जायचं?

आता विरोधी मुद्दे. ते खोटे नाहीत.

पहिला: आधी शेतीला आणि प्यायला पाणी द्या, मग खेळाचं बोला. मान्य. घाटावरचं पाणी कोकणात सोडावं की पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात वळवावं हा वादही चालू आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण स्लॅलम पाणी पीत नाही. जे पाणी जिथे चाललंय, ते जाता जाता वापरायचं. २०१८ च्या एशियाडची स्लॅलम स्पर्धा इंडोनेशियात मजालेंका जिल्ह्यातल्या रेंतांग या सिंचनाच्या बंधाऱ्यावर झाली. स्पर्धा संपल्यावर पाण्याला आपला कालवा होताच.

दुसरा: वीजकेंद्र मुंबईच्या मागणीप्रमाणे चालतं, पोरांच्या शाळेच्या वेळेप्रमाणे नाही. बरोबर. कुणी टर्बाइनचं वेळापत्रक बदला म्हणत नाही. ते फक्त आदल्या दिवशी कळवा. कोलाडचा अख्खा राफ्टिंगचा धंदा सुटणाऱ्या पाण्याची वेळ सांभाळूनच चालतो. आणि भोंगा वाजल्यावर किती मिनिटांत पाणी किती चढतं, हे काठावरच्या प्रत्येक गावाला माहीत असणं ही तशीही सुरक्षिततेची गरज आहे.

तिसरा: श्रीमंतांचा खेळ. स्पर्धेची कार्बन फायबरची होडी लाखाच्या पुढे जाते, हे खरं. पण ती पहिल्या दिवशी लागत नाही. शिकायला प्लास्टिकची होडी चालते आणि एक होडी दिवसभरात पाच पोरं वापरतात. पवनेच्या काठावर तंबू ठोकायला आणि डीजे लावायला पैसा आहे. तिथल्याच संथ पाण्यावर दोन तारा आणि दहा दांड्या टांगायला कितीसा लागेल? सुरुवात तिथेच होते, खळाळ नंतर. (इंद्रायणीत मात्र आत्ता नको. तिच्यावर फेस तरंगतो, त्यात पोरांना शंभर वेळा उलटायला लावणं हा गुन्हा होईल. नदी साफ ठेवायला हेही एक कारण आहे.)

चौथा, आणि सगळ्यात जड: पाण्यात माणसं मरतात, तुम्ही लहान मुलांना तिकडे ढकलताय. माझं उत्तर उलटं आहे. माणसं मरतात ती पाणी कळत नाही म्हणून. धबधब्याचा जोर क्षणात वाढतो, बंधाऱ्याखालचं पाणी माणसाला आतच घुसळत ठेवतं, हे स्लॅलमच्या पोराला पहिल्या वर्षी शिकवतात. कुठे जायचं याच्याआधी कुठे जायचं नाही, हा पहिला धडा. लोणावळ्यात दुर्घटना घडली की शिवदुर्ग मित्रची मंडळी दोर घेऊन धावतात. ती स्थानिक आहेत, डोंगर लहानपणापासून ओळखतात, म्हणून पोचतात. पाणी असंच ओळखणारी पन्नास पोरं प्रत्येक खोऱ्यात असली तर? पदक येईल न येईल, पण ही पन्नास पोरं नक्की येतील.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला महत्त्वाची वाटते. वेल्समध्ये ट्रिवेरिन नावाची नदी आहे. तिच्यावर लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरण बांधलं, १९६५ साली कापेल केलिन नावाचं गाव बुडालं. वेल्सचे लोक ते अजून विसरलेले नाहीत, लिव्हरपूलने २००५ मध्ये माफीही मागितली. त्याच धरणातून सोडलेल्या पाण्यावर खाली बालाजवळ १९८१ ची स्लॅलमची जागतिक स्पर्धा झाली आणि आज तिथे व्हाइट वॉटरचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यामुळे बुडालेलं गाव परत आलं का? नाही. पण ज्या खोऱ्याचं पाणी गेलं, त्या खोऱ्यातल्या मुलांना त्या पाण्यावर काहीतरी स्वतःचं मिळालं.

आपली कापेल केलिन म्हणजे मुळशी. १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, हरले. जमीन बुडाली. वीज मुंबईला गेली, पाणी कोकणात गेलं, आणि आता तलावाचा व्ह्यू आपल्यासारख्यांच्या सेकंड होमला गेला. मावळच्या वाट्याला काय आलं? पार्किंगच्या पावत्या फाडणं, तंबू लावणं आणि कणसं भाजणं. कामं वाईट नाहीत. पण शंभर वर्षांच्या हिशेबात एवढंच?

म्हणून मागणी छोटी आहे. सरकारने, वीज कंपनीने आणि हिंजवडीतल्या सीएसआरवाल्यांनी मिळून खोपोली किंवा कुंडलिकेवर शे-दीडशे मीटरचा एक पट्टा, पवनेवर संथ पाण्यातली दहा गेटं, आणि महेश्वरहून एक प्रशिक्षक, एवढं पाच वर्षांसाठी द्यावं. प्रवेश आधी धरणाकाठच्या शाळांना. आपण विकांतवाल्यांनी कृपया रांगेत मागे उभं राहावं. सीएसआरच्या कमिटीत तुमच्यापैकी कुणी असेलच. पुढच्या मीटिंगमध्ये झाडं लावायचा तोच तो प्रस्ताव आला, तर त्याच्याशेजारी हाही ठेवून बघा.

आणि पुढच्या वेळी खंडाळ्याचा घाट उतराल तेव्हा खोपोलीकडे डोंगरावरून उतरणारे ते जाड पाइप नीट बघा. लोणावळ्याचा पाऊस त्यांतूनच खाली जातो. वर्षभर, मोजून मापून, वेळ ठरवून. फक्त त्याच्या खाली गेट टांगायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.